तिकिटावरची पट्टी

तिकिटाच्या वरच्या पैशांची ती भानगड मला आजही जशीच्या तशी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, निवडणुकांचे बंदोबस्त केले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहे. ही गोष्ट मात्र वेगळी राहिली. तिच्यात ना रक्त सांडले, ना कोणी तुरुंगात गेले. तरी कोणी म्हणाले की साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडी पहिल्यांदा हीच येते. त्यातली काही माणसे हयात आहेत, म्हणून नाव कोणाचेच घेत नाही.

नव्वदच्या दशकात मी इंदापूरला फौजदार होतो. मूळचा मी कोकणातला. घाटावरची बोली, इथले देव, इथल्या जत्रा मला नवीन होत्या. ठाण्यातले एक हवालदार याच मातीतले. एखादा शब्द अडला की मी त्यांच्या तोंडाकडे पाही आणि हसू आवरेनासे झाले की ते छताकडे पाहत. माणूस मोठा सज्जन. साहेबाला हसायचे ते साहेबाच्या पाठीमागे, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

इंदापूरचे ठाणे हमरस्त्यावरचे. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच सोलापूरच्या बाजूने ट्रक उलटल्याची खबर यायची. दुपारी तहसीलीत आलेली माणसे बांधाची भांडणे घेऊन आमच्याकडे वळायची. बाजाराच्या दिवशी पाकीटमार. या धबडग्यात एका सकाळी मोजणीसाहेब आले.

मोजणीसाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तालुक्यातल्या बहुतेक बांधांवर त्यांनी साखळी ओढलेली, त्यामुळे त्यांचे खरे नाव लोक विसरूनच गेले होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेने आणि बोलणेही मोजून. चहा नको म्हणाले. खिशातून नाटकाची दोन तिकिटे काढून टेबलावर ठेवली, कडा जुळवल्या आणि मग तक्रार सांगायला सुरुवात केली.

एका संगीत नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा बारामतीत होता आणि त्यांचा एक प्रयोग इंदापुरात बाजारामागच्या मैदानावर लागला होता. तिकिटे मिळत होती एस.टी. स्टँडजवळच्या एका टेलिफोन बूथवर. बूथवाला बारामतीला फोन लावायचा, कोणती जागा मोकळी आहे ते विचारायचा आणि तिकिटावर नंबर लिहून द्यायचा. बारामतीला हेलपाटा न मारता जागा पक्की होते, याचे लोकांना तेव्हा मोठे कौतुक. आजची मुले घरात बसून बोटाने तिकिटे काढतात आणि शेवटी भलतीच रक्कम पाहून चरफडतात, तेव्हा मला मोजणीसाहेब आठवतात. त्यांचे दुखणे अगदी हेच होते. तिकिटावर छापलेली किंमत एक. खिडकीशी गेल्यावर त्यावर फोनचार्ज. पैसे काढल्यावर खुर्चीचार्ज. आणि तिकीट हातात देता देता वर पट्टी.

"फोनचं मी समजू शकतो," मोजणीसाहेब म्हणाले. "खुर्चीचंही समजू. मी काही मातीत बसणार नाही. पण ही पट्टी कसली? विचारलं तर म्हणतो, पट्टी म्हणजे पट्टी. आयुष्यभर मी लोकांना त्यांची हद्द दाखवत आलो. याची हद्द कुठं आहे, ते आता तुम्ही मला दाखवा."

रक्कम किरकोळ होती, पण तक्रार किरकोळ नव्हती. छापील किमतीच्या वर पैसे घ्यायचे आणि कशाचे ते सांगायचे नाही, ही फसवणूकच झाली. मी अर्ज घेतला, आवक नंबर टाकला आणि बूथवाल्याला बोलावणे धाडले.

बूथवाला तिशीतला, एका पायाने अधू. बूथ त्याला अपंगांच्या कोट्यातून मिळालेला होता. त्याआधी तो मार्केट यार्डात एका आडत्याकडे लिहिण्याचे काम करायचा. घरी म्हातारी आई. बूथ आल्यावर लग्नही ठरले होते. फौजदारी गुन्हा नोंदला गेला तर बूथ काढून घेतला जाणार हे त्याला माहीत होते आणि मलाही. एका अर्जावर एका माणसाचा संसार उभा राहण्याआधीच मोडू शकत होता. मी म्हणूनच गुन्हा दाखल करण्याची घाई केली नाही, अर्ज चौकशीवर ठेवला.

तो कुबडी भिंतीला टेकवून बाकावर बसला. फोनचार्जचे त्याने सरळ सांगितले, मीटर दाखवायची तयारी ठेवली. खुर्च्या मंडपवाल्याकडून भाड्याने आणल्या होत्या, तेही पटले. मग पट्टीवर आलो. घेतली का? घेतली. कोणाच्या सांगण्यावरून? माझ्याच. ते पैसे कुठे आहेत? यावर तो फरशीकडे पाहत राहिला. हवालदारांनी आवाज चढवून पाहिला, मी उतरवून पाहिला. उपयोग नाही. बूथचा गल्ला पाहिला, त्यातही ते पैसे नव्हते.

माझा अनुभव असा की लबाड माणूस गप्प बसत नाही. तो उलट जास्त बोलतो, शपथा घेतो, आईला मध्ये आणतो. गप्प बसणारा बहुधा कशाला तरी लाजत असतो. हा कशाला लाजतोय ते मला उमगेना. जाताना दारात थांबून तो एवढेच म्हणाला, "सायेब, काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. फकस्त नाटक हुईस्तवर बूथ चालू ऱ्हाऊ द्या."

हे ऐकून माझा संशय वाढलाच. नाटकापर्यंत मुदत कशाला हवी? आणखी तिकिटे विकून पोबारा करायला?

मी बारामतीला जाऊन कंपनीच्या व्यवस्थापकाला भेटलो. गोडबोल्या माणूस, केसांना तेल आणि शब्दांनाही तेल. आमच्या कंपनीचा छापील किमतीवरच्या एका पैशाशीही संबंध नाही, म्हणाला. उलट कंपनीचे नाव खराब केले म्हणून प्रयोग झाला की मीही त्या बूथवाल्याविरुद्ध अर्ज देतो. म्हणजे एकाचे दोन अर्ज होणार. येताना सणसरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीप अडकली आणि मी मनाशी धरून चाललो की आता बूथवाल्याला वाचवणे कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी वेगळीच खबर आली. हमरस्त्यावर एका राजस्थानी गृहस्थाचा ढाबा होता. ट्रकवाल्यांच्या गप्पांतले वेचक तो आम्हाला पोचवत असे आणि त्याची खबर सहसा चुकत नसे. तो म्हणाला, वरकुटे गावात एक लग्न ठरले आहे. मुलीचे नाव बानू. नवरा पुरंदरकडचा, वयाने पुष्कळ थोर आणि घरात पहिली बायको नांदती. त्या बायकोचा या लग्नाला कडक विरोध आहे. तरी गावातल्या लोकांनी घरोघर पट्टी जमवली आहे आणि वऱ्हाडाला ट्रॅक्टरसुद्धा सांगून ठेवलेत.

पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न हा गुन्हा. मुलीचे वय काय, तिच्यावर जबरदस्ती आहे का, कोणास ठाऊक. शिवाय दोन दिवसांत दुसऱ्यांदा कानावर आलेली ही पट्टी. हवालदार त्या दिवशी नेमके कोर्टात साक्षीला गेले होते. मी एका नव्या शिपायाला घेतले आणि जीप काढली. ड्रायव्हर इथलाच होता. कशासाठी चाललोय ते मी त्याला सांगितले. विचारल्याशिवाय बोलायचे नाही हा त्याचा बाणा. आरशात मात्र त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या.

वरकुट्यात देवळापुढच्या पारावर दहा-बारा माणसे होती. बायका सुपात तांदूळ घेऊन हळद चोळत होत्या. म्हणजे खबर खरी होती. गावातले वडीलधारे एक आबा पुढे आले. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखली होती, आता ते शेती करत होते. मी कोकणातला हे कळल्यावर त्यांना आनंदच झाला. त्यांचे वडील कळप घेऊन आमच्या बाजूला उतरत असत. मी मात्र कामाचे बोलायला लागलो.

"बानूचं लग्न आहे म्हणे," मी म्हणालो.

"हाय की. तुमीबी या."

"नवऱ्याचं वय काय?"

आबांनी जरा विचार केला. "त्येच्या वयाचा हिशेब कोन ठेवनार, सायेब?"

"त्याची पहिली बायको जिवंत आहे?"

"हाय तर. तिचंबी समदं करतो आमी."

"या लग्नाला तिची संमती आहे?"

"न्हाय. लई भांडती," आबा शांतपणे म्हणाले. "ती पयल्यापास्नं भांडत आलीया."

मी शिपायाला जबाब लिहायला कागद काढायला सांगितला. तेव्हा मागे जीपपाशी ड्रायव्हरचा बांध फुटला. तो बॉनेटवर डोके टेकवून हसू लागला, मग पारावरची माणसे, मग सुपे खाली ठेवून बायका. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि मला शेजारी बसवले.

"सायेब, नवरदेव खंडोबा हाय," ते म्हणाले. "पयली बायको म्हाळसाबाई. आन बानू ही आमची, धनगराची लेक."

मग त्यांनी मला सगळे नीट समजावून दिले. नाटक खंडोबा आणि बानूबाईच्या लग्नाचे होते. इंदापुरातल्या भिंतींवर त्याच्या जाहिराती लागलेल्या होत्या, मी रोज त्यांच्यावरून जात होतो, पण कोकण्याला त्यातले काय कळणार? आबांनी तिकीट काढले तेव्हा बूथवाल्याने वर पट्टी सांगितली. पट्टी हा शब्द ऐकताच आबांना काही विचारायची गरज वाटली नाही. गावात देवाचे कार्य निघाले की घरोघर पट्टी बसते. ती कशाची, असे कोणी विचारत नाही आणि कोणी कुरकुरही करत नाही. देवाचे लग्न म्हणजे देवाचे कार्य. त्यांनी गावात येऊन सांगितले आणि मग शेजारच्या गावांतूनही माणसे जाऊन तिकिटे काढून पट्टी देऊन आली.

"लगीन इंदापुरात लागनार," आबा म्हणाले. "म्हंजी तिच्या माह्यारच्या दारात. आन नवरीकडचं कोनबी न्हाय, आसं कसं चालंल? लोकं काय म्हनतील तिला?"

त्यांच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. घरात नेऊन त्यांनी मला देव्हाऱ्यात भंडाऱ्याशेजारी ठेवलेले तिकीट दाखवले. एकच होते. घरात माणसे मात्र ओसरी भरून. मी विचारले, एका तिकिटावर कितीजण येणार?

"घरातली समदी. पट्टी दिलीया न्हवं? पट्टी काय मानसावर आसती व्हय? ती उंबऱ्यावर आसती."

मैदानावर खुर्च्या मोजक्या आणि तिकडे एकेका तिकिटामागे एकेक घर ट्रॅक्टरवर बसून निघणार. मी कसेबसे विचारले, एवढ्या माणसांच्या जेवणाचे काय? आबा सहज म्हणाले, लापशीचे ते बूथवरचे पोरगेच बघतेय, आचाऱ्याला पैसे देऊन बसलेय.

मी हातात घेतलेला चहा तसाच ठेवून उठलो. हरवलेल्या पैशांचा पत्ता लागला होता.

बूथवाल्याला या वेळी ठाण्यात बोलावले नाही. मीच त्याच्या बूथवर जाऊन समोरच्या स्टुलावर बसलो आणि वरकुट्याहून आलो एवढेच सांगितले. ते ऐकल्यावर तो बोलायला लागला. आडतीत मालाच्या हिशोबाच्या कागदाला पट्टी म्हणतात आणि ती लिहिण्याचे थोडे पैसे घेतात. याने तिकिटावर नंबर लिहिण्याचे तसेच घेतले आणि जुन्या सवयीने त्याला नावही तेच दिले. त्याच्या लेखी ती त्याची मेहनत होती.

"मंग वरकुट्याचं आबा आलं," तो म्हणाला. "त्यांनी नोट कपाळाला लावली आन मंग माझ्या हातात दिली. म्हनलं, देवाची पट्टी घे बाबा. त्येच्यानंतर त्या पैशाला माझा हातच लागंना, सायेब."

त्याने आधी आणि नंतर जमलेली सगळी पट्टी उचलून आचाऱ्याला दिली. आचाऱ्याचे उरलेले पैसे पुढच्या तिकिटांवर फिटायचे होते, म्हणून त्याला नाटकापर्यंत बूथ चालू हवा होता. लग्न म्हणून लोक येणार तर निदान लापशी तरी असावी. त्यात मोजणीसाहेबांचेही पैसे होते. खरे सांगितले असते तर त्यांनी आपले परत मागितले असते, आणि मागणे रास्तच होते. पण पैसे आचाऱ्याकडे गेलेले, मग परत द्यायचे कुठून? म्हणून तो मूग गिळून बसला. एका तिकिटावर सगळे घर येणार हे उशिरा कळले तेव्हा तर तो पार हादरला होता. कोणाला सांगायची सोय नव्हती.

चौकशी संपली होती, पण खरे संकट पुढेच होते. मी व्यवस्थापकाला इंदापूरला बोलावले आणि मोजणीसाहेबांनाही. ठाण्यात दोघांपुढे सगळी हकीकत ठेवली. व्यवस्थापकाचे तेल एकदम आटले. माणशी तिकीट काढा, नाहीतर मी प्रयोग रद्द करतो, म्हणाला. प्रयोग रद्द म्हणजे लोक पैसे परत मागायला तिकीट घेतले त्याच खिडकीशी येणार, सगळ्या तिकिटांचे पैसे बूथवाल्याच्या गळ्यात. त्याने बूथ आणि घर दोन्ही विकले असते तरी भागले नसते. तो बिचारा कोपऱ्यात कुबडीवर हनुवटी टेकवून ऐकत होता.

मोजणीसाहेब सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "माझा अर्ज कायम आहे. पण माणसं येणारच असतील, तर ती बसणार कुठं हे आधी ठरलं पाहिजे. मैदान केवढं आहे?"

आम्ही सगळे मैदानावर गेलो. व्यवस्थापकाबरोबर बानूची भूमिका करणाऱ्या बाई जागा बघायला आलेल्या होत्या, त्याही आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, कपाळाला मोठे कुंकू, चालताना गुडघा धरत होत्या. मोजणीसाहेबांनी धोतराचा सोगा खोचला आणि मैदान पावलांनी मोजायला घेतले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना मनाजोगते काम मिळाले असावे. फक्की मागवून त्यांनी रेघा मारल्या. पुढे जमिनीवर घोंगड्या, म्हणजे मागच्याला डोकी आडवी येणार नाहीत. मागे खुर्च्या, नंबराप्रमाणे. मधे बायकामुलांना ये-जा करायला वाट. जागा पुरत होती, थोडी उरतही होती.

व्यवस्थापक तरी अडून बसला. जागेचा प्रश्न नाही, म्हणाला, धंद्याचा आहे. मी त्याला समजावले की एवढी माणसे दारात अडवायची तर तेवढा बंदोबस्त माझ्याकडे नाही. तेवढ्यात बाईंनी विचारले की ही कोण माणसे येणार आहेत. मी सांगितले, नवरीकडची.

"इतकी वर्षं मी रोज लग्न करते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून कधी कुणी आलं नाही. त्यांना येऊ द्या. नाहीतर दुसरी बानू शोधा."

दुसरी बानू कुठून मिळणार? व्यवस्थापक मुकाट्याने कबूल झाला. त्या बाईंचे उपकार मी विसरू शकत नाही. माझा सगळा हुद्दा आणि वर्दी जे करू शकत नव्हती, ते त्यांनी दोन वाक्यांत केले.

गावाकडच्या माणसांना वेळेत परतता यावे म्हणून प्रयोग दिवसाउजेडी ठेवला होता. मी ठाण्यातले जेवढे मनुष्यबळ होते तेवढे मैदानावर आणले आणि काय वाढून ठेवलेय या धास्तीत दारात उभा राहिलो. ट्रॅक्टर आले. वरकुट्याचे आले, सणसरच्या बाजूचेही आले. पुढे ढोल, मागे नवी लुगडी नेसलेल्या बायका, हातात हळदीच्या तांदळाची ताटे. ज्यांच्यासाठी मी काठ्या मोजून आणल्या होत्या, ती माणसे रांगेत येऊन, चपला काढून, मोजणीसाहेबांनी आखलेल्या रेघेच्या आत बसली. आमच्या शिपायांना कोणाला हटकावेही लागले नाही. हवालदारांनी काठी जीपमध्ये नेऊन ठेवली आणि कपाळाला भंडारा लावून घेतला.

गंमत अशी झाली की खुर्च्यांवर बसलेली शहरातली मंडळी ही नवऱ्याकडची, असे गावकऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले. त्यामुळे त्यांचा भलताच मान. आधी त्यांना पाणी, आधी त्यांना पानसुपारी. जास्तीचे पैसे घेतले म्हणून कुरकुरणारे वकील, डॉक्टर, कारकून खुर्चीवर अवघडून बसले. मोजणीसाहेब सपत्नीक आपल्या नंबरावर होते. त्यांच्याही हातात विडा आला, तो त्यांनी बराच वेळ नुसता धरून ठेवला.

लग्नाचा प्रवेश आला. रंगमंचावर अंतरपाट धरला गेला आणि आबा उठले. कोणाला न विचारता पायऱ्या चढून गेले आणि मामाच्या जागी, नवरीच्या मागे जाऊन उभे राहिले. नटमंडळी गोंधळली. आबांनी खांद्यावरची नवी घोंगडी काढून बाईंच्या अंगावर घातली आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते पुढच्या ओळीतल्यांनीच ऐकले. नंतर हवालदारांनी मला सांगितले की ते म्हणाले, बाई, आमाला यायला उशीर झाला, राग धरू नको. बाई रडल्या. नाटकात तिथे रडायचे नव्हते.

मंगलाष्टके सुरू झाली तशा घोंगड्यांवरच्या बायका ताटे घेऊन खुर्च्यांकडे आल्या. एका आजींनी मोजणीसाहेबांच्या ओंजळीत अक्षता घातल्या आणि म्हणाल्या, उठा, लगीन लागतंय. मोजणीसाहेब उठले. त्यांच्याबरोबर सगळ्या खुर्च्या उठल्या. बसून अक्षता टाकायची आपल्यात रीत नाही. मीही टोपी काखेत धरून एका हाताने अक्षता टाकल्या, आणि खोटे कशाला सांगू, माझे डोळे भरून आले होते. पुढे लापशीची पंगत बसली. शहर आणि गाव एकाच पंगतीला. आमचा आरोपी स्टुलावर बसून वाढप्यांना कुठे वाढायचे राहिले ते कुबडीने दाखवत होता.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. माणूस पैशाला कुरकुरत नाही, तो अंधारात ठेवले जाण्याला कुरकुरतो. मोजणीसाहेब चिडले ते योग्यच होते. कशाचे ते न सांगता घेतलेला पैसा टोचतोच, मग तो खिडकीत घेतलेला असो की हल्लीच्या त्या पडद्यावर. आणि आबांनी आनंदाने दिले, कारण आपण कोणासाठी देतोय हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांचे त्यांनीच ठरवले होते ही गोष्ट वेगळी. नोकरीभर माणसांनी मला काय काय दाखवले. पण त्या एका दुपारी जे दाखवले त्याबद्दल मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे, तक्रार करणाऱ्याचा तर सगळ्यांत जास्त. ते गप्प बसले असते तर मी त्या मैदानावर नुसता बंदोबस्ताला उभा असतो.

अर्ज निकाली काढायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीसाहेब आले. बूथवाला आधीच येऊन बसला होता, रात्रभर झोपला नसावा. त्याने रुमालात बांधून कुठूनसे उसने आणलेले पैसे मोजणीसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी त्या रुमालाकडे पाहिलेही नाही. मला म्हणाले, अर्ज मागे घेतो, कागद काढा.

मी जबाब लिहायला घेतला. अर्ज मागे घेण्याचे कारण लिहावे लागते. मी विचारले, काय लिहू? गैरसमज झाला होता असे लिहू?

"गैरसमज अजिबात झाला नव्हता," मोजणीसाहेब म्हणाले. "लिहा, अर्जदार लग्नाला गेला होता. आहेर परत मागायची त्याच्या घरात रीत नाही."

मी शब्दाला शब्द तसेच लिहिले. त्यांनी वाचून पाहिले आणि खाली सही केली.